‘हात काढून टाका’ : मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या शस्त्रक्रियांची हकीकत

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘हातातल्या मज्जातंतूंच्या जुनाट दुखण्यावर जी ऑपरेशनं केली गेली, त्यांचा इतिहास.’ पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘डॉक्टर, याला लोक येतील का?’ (हशा) तुम्ही आलात, आभारी आहे.

विषय का निवडला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा आला. नाव-गाव सांगत नाही. मोटरसायकलवरून पडला होता, खांदा आणि डोकं दोन दिशांना फेकले गेले होते. उजवा हात खांद्यापासून लुळा, गळ्यात झोळी. मी सुई टोचली, त्याला कळलं नाही. चिमटा काढला, नाही कळला. आणि तोच हात त्याला दिवसरात्र जळत होता. ‘सर, तळहात तव्यावर दाबून धरल्यासारखा वाटतो. आणि मधेच करंट बसतो.’ करंट बसला की तो बोलता बोलता थांबायचा, डोळे मिटून घ्यायचा, दहा-पंधरा सेकंद. मग राहिलेलं वाक्य पुरं करायचा. घरातले लोक म्हणत होते, ज्या हाताला काही कळतच नाही तो दुखेल कसा? मनाचे खेळ आहेत. आधी दाखवलेल्या एका डॉक्टरांनीही फार वेगळं सांगितलं नव्हतं.

बरोबर त्याची आई होती. सगळं तपासून होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, तसाबी त्यो हात आता कामाचा न्हाई. काढून टाका, पण पोराला रातचं झोपू द्या.’

ही मागणी वेडगळ नाही बरं का. फार जुनी आहे, आणि एके काळी ती मान्यही होत असे. कधी ती बरोबर ठरली, बहुतेक वेळा चुकली. का, हे समजायला वैद्यकाला शेकडो वर्षं लागली. तीच हकीकत मी आज सांगणार आहे.

एक शब्द आधी सरळ करून घेऊ. आपण बोलताना ‘नस’ म्हणतो ते रक्ताच्या शिरेलाही आणि मज्जातंतूलाही. ‘नस दबली’ म्हणजे मज्जातंतू, ‘नस कापून घेतली’ म्हणजे रक्तवाहिनी. मी आज मज्जातंतूबद्दल बोलतोय. पण ही गल्लत फक्त भाषेतली नाही. कोपराच्या खळग्यात शीर आणि मज्जातंतू इतके जवळजवळ असतात की शस्त्राचीही गल्लत होते. आणि आपली पहिली गोष्ट तिथलीच आहे.

फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स. त्याला ताप आला. त्या काळी ताप आला की रक्तमोक्षण, म्हणजे हाताची शीर कापून रक्त काढायचं. आपल्याकडे तुंबड्या लावायचे, जळवा लावायच्या, त्याच जातीतला उपाय. राजाची शीर कापताना शस्त्राचं टोक मज्जातंतूला लागलं. राजा ओरडला. हात आखडला, वाकवता येईना, सरळ करता येईना, आणि दुखणं असं की केवळ जिथे टोचलं तिथेच नाही, सगळ्या हाताला. जवळजवळ तीन महिने हे चाललं. ही हकीकत लिहून ठेवली आहे आंब्रोआझ पारे यांनी, जे राजाचे शल्यवैद्य होते. पारे हे न्हाव्याच्या धंद्यातून वर आलेले, लॅटिन न जाणणारे, युद्धात शिकलेले. त्यांनी तेलं, लेप, पट्ट्या वापरल्या. कापाकापी केली नाही. राजा बरा झाला.

आता काही अभ्यासक म्हणतात की हे आपण आज ज्याला कॉझाल्जिया म्हणतो त्याचं पहिलं लेखी उदाहरण आहे, काही म्हणतात तसं म्हणायला पुरावा अपुरा आहे. मी त्या वादात पडत नाही. मला यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की दुखणारा माणूस राजा होता. त्यामुळे ‘ढोंग करतोस’ असं त्याला कोणी म्हणालं नाही. (हशा) हसू नका, हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आता १८१२. स्पेनमधलं बदाखोस शहर. नेपोलियनच्या फौजांकडून ते घेण्यासाठी इंग्रजांनी एप्रिल महिन्यात हल्ला केला, फार भयंकर कत्तल झाली. त्यात एका इंग्रज शिपायाच्या दंडातून बंदुकीची गोळी गेली. जखम भरली. पण दुखणं राहिलं. तो इंग्लंडला परतला तेव्हा नौदलाच्या रुग्णालयातले अलेक्झांडर डेन्मार्क नावाचे डॉक्टर त्याला बघायला जात, तर तो नेहमी एकाच अवस्थेत दिसे. कोपर वाकवलेलं, तळवा वर, आणि दुसऱ्या हातानं तो हात घट्ट धरलेला. वेदना जळल्यासारखी, अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकापासून वर जखमेपर्यंत, आणि इतकी की चेहऱ्यावर घाम फुटायचा.

माझा तो मुलगा माझ्यासमोर असाच बसला होता, डाव्या हातानं उजवा धरून.

डेन्मार्क यांनी शेवटी तो हात काढला. भूल नव्हती, ईथरचा शोध १८४६चा. वेदना तत्काळ थांबली. मग त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. तो कापलेला हात फेकून न देता त्यांनी तो उघडून पाहिला. मज्जातंतू जखमेच्या जागी फुगून दुप्पट जाड झाला होता, आणि त्याच्या धाग्यांमध्ये शिशाचा एक बारीक तुकडा रुतून बसला होता. हाडावर आपटून गोळीचा कपचा उडाला असणार. १८१३ साली त्यांनी हे छापलं.

म्हणजे ‘हात काढून टाका’ ही मागणी इथे बरोबर ठरली. पण का बरोबर ठरली? दुखण्याचं मूळ हातातच होतं, म्हणून. खरं तर हात काढायचीही गरज नव्हती, तो तुकडा काढला असता तर कदाचित पुरलं असतं. पण आत तुकडा आहे हे कळणार कसं? क्ष-किरण यायला अजून ऐंशी वर्षं होती.

इथे थोडं विषयांतर करतो. इंजेक्शनची सुई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती रुग्णांवर वापरण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत एडिंबराचे अलेक्झांडर वूड हे एक मोठं नाव. १८५३ साली त्यांनी एका वृद्ध बाईंना त्वचेखाली अफूचा अर्क टोचला. कशासाठी? मान-खांदा-हाताच्या मज्जातंतूच्या दुखण्यासाठी! वूड यांना वाटत होतं की औषध दुखऱ्या तंतूजवळ सोडलं की तिथेच काम करतं. तो समज चुकीचा होता, मॉर्फिन रक्तातून मेंदूकडे जातं. पण सुई टिकली. गैरसमजातून निघालेल्या उपयोगी वस्तू वैद्यकात पुष्कळ आहेत.

आणि या सुईचा पहिला प्रचंड वापर झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचं चारशे खाटांचं लष्करी रुग्णालय होतं, खास मज्जातंतूंच्या जखमांसाठी. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि तरुण विल्यम कीन हे तिथले तीन डॉक्टर. एका वर्षात त्या रुग्णालयात मॉर्फिनची ४० हजारांहून अधिक इंजेक्शनं दिली गेली, असं मिचेल यांनी नोंदवलं आहे. चारशे खाटा आणि चाळीस हजार इंजेक्शनं. हा एक आकडा त्या वॉर्डातल्या रात्री कशा असतील ते सांगून जातो.

१८६४ साली या तिघांनी मज्जातंतूंच्या बंदुकीच्या जखमांवर एक छोटं पुस्तक छापलं. आजही वाचावं असं आहे. त्यातला जळणाऱ्या वेदनेचा भाग मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवायचो. हात लाल, चकचकीत, जणू वार्निश केलेला. शिपाई तो सतत ओला ठेवायचे, पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगायचे. कोरड्या कातडीला काही घासलं की सहन होत नसे. काही जण तर बुटात पाणी ओतून चालायचे. हात दुखतोय आणि बुटात पाणी का? कारण पावलाच्या घर्षणाचा, हादऱ्याचा परिणामही त्या हातात जाणवायचा. शेजारून कोणी चाललं, वर्तमानपत्राची घडी चुरचुरली, लांबून लष्करी बँड वाजला, तरी वेदना उसळायची. शूर माणसं चिडचिडी होतात, भित्री होतात, असं मिचेल लिहितात. हा त्यांचा स्वभाव नाही, दुखण्यानं केलेला बदल आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १८७२च्या ग्रंथात या दुखण्याचं नाव पक्कं झालं, कॉझाल्जिया. ग्रीकमध्ये जळणं आणि दुखणं, दोन शब्द जोडून केलेलं.

आता मघाचा मुद्दा. त्याच १८६४ साली याच तीन डॉक्टरांनी आणखी एक लेख छापला, ढोंग कसं ओळखावं यावर. लढाईवर जायचं टाळण्यासाठी कोणी लुळा हात दाखवतो, कोणी मुका होतो. संशयिताला ईथर द्यायचं आणि शुद्धीवर येताना तो हात हलवतो का ते बघायचं, अशी युक्ती. म्हणजे एकाच वॉर्डात एका खाटेवर खरं जळणं आणि दुसऱ्या खाटेवर सोंग, आणि डॉक्टर तेच. मला यात विरोध वाटत नाही. सोंग काळजीपूर्वक तपासणाऱ्या माणसानं ‘हे दुखणं खरं आहे’ म्हटलं, म्हणून त्या म्हणण्याला वजन आलं. न तपासता ‘मनाचे खेळ’ म्हणणं सोपं असतं, आणि न तपासता ‘अरेरे’ म्हणणंही सोपंच असतं.

मिचेल यांनी हात कापलेल्यांचाही पाठपुरावा केला. त्यांनी पाहिलेल्या ९० जणांपैकी ८६ जणांना नसलेला अवयव जाणवत होता. कित्येकांना तो नसलेला हात दुखत होता, मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. ‘भुताटकीचा अवयव’ हा अर्थाचा शब्दप्रयोग मिचेल यांनीच रूढ केला. त्याआधी, १८६६ साली, त्यांनी एका मासिकात निनावी कथा लिहिली होती, जॉर्ज डेडलो नावाच्या लष्करी डॉक्टरची. त्याच्या हाताला गोळी लागते, हात जळू लागतो, हात कापतात आणि आराम पडतो. पुढे बिचाऱ्याचे चारही अवयव जातात, आणि गेलेले अवयव जाणवत राहतात. वाचकांना ती खरीच हकीकत वाटली आणि काहींनी डेडलोसाठी पैसे जमवले. (हशा) लोक तेव्हाही छापून आलेल्यावर विश्वास ठेवायचे.

पण कथेतला आराम प्रत्यक्षात सगळ्यांना मिळत नव्हता. मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे. तार कापली की दिवा विझतो. मज्जातंतू कापला की त्याचं वरचं टोक जिवंत राहतं, वाढायला लागतं, वाट शोधतं. वाट मिळाली नाही की धाग्यांचा गुंता होऊन गाठ बनते, आणि ती गाठ आपण होऊन संदेश पाठवत राहते. फांदी छाटल्यावर बुंध्याला जसे वेडेवाकडे फुटवे येतात तसं. मग सर्जन ती गाठ कापतो, थोडं वर. तिथे नवी गाठ. आणखी वर. काही रुग्णांची अशी बोटापासून खांद्यापर्यंत कापणी झालेली आहे, आणि दुखणं एक पायरी पुढेच.

न्यूयॉर्कचे रॉबर्ट ॲबी यांनी १८८८च्या अखेरीस पुढची पायरी गाठली. त्यांच्या रुग्णाचा हात आधीच कापला होता, तरी दुखणं गेलं नव्हतं. ॲबी यांनी मानेतल्या मणक्यांची हाडं उघडली आणि हाताकडून संवेदना घेऊन येणारी मुळं, मज्जारज्जूत शिरण्याआधीच तोडली. जंतुनाशक पद्धती नुकत्या रुळल्या होत्या, त्या काळात मणका उघडणं हे धाडसच. फायदा झाला, पण पुरता नाही. १९११ साली फिलाडेल्फियातच विल्यम स्पिलर आणि एडवर्ड मार्टिन आणखी आत गेले, त्यांनी मज्जारज्जूतला वेदना वर नेणारा पट्टाच छेदला. कर्करोगाच्या रुग्णांना त्यानं मोठा दिलासा दिला, कारण त्यांचं आयुष्य थोडं उरलेलं असायचं. जळणाऱ्या हाताच्या तरुण माणसाला मात्र काही काळानं दुखणं परत येई. चोर बोळातून पळाला म्हणून बोळ बंद करायचा, तर तो दुसऱ्या बोळातून.

मग पहिलं महायुद्ध. आणि इथे माझा एक आवडता, पण जरा अवघड माणूस येतो, रेने लरीश. लियाँचा सर्जन. खंदकांतून येणाऱ्या जखमी शिपायांत त्याला कॉझाल्जिया दिसला. त्याच्या नजरेत एक वेगळी गोष्ट आली. हात दुखतो तसा तो लाल होतो, घामेजतो, कधी थंड निळा पडतो. घाम आणि रक्तवाहिन्या यांचा कारभार आपल्या इच्छेवर चालत नाही. त्यासाठी वेगळी मज्जासंस्था आहे, तिला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘अनुकंपी’ म्हणतात. लरीशला वाटलं, आग लावणारे धागे हेच. हे धागे दंडातल्या मोठ्या धमनीला वेलीसारखे वेढून असतात. त्यानं काय केलं, तर मज्जातंतूला हातच लावला नाही. धमनी उघडी केली आणि तिचं बाहेरचं पापुद्र्यासारखं आवरण काही सेंटिमीटर सोलून काढलं. शेवग्याची शेंग सोलतो ना, तसं, पण आत धडधडणारी धमनी आहे हे लक्षात ठेवून. १९१६ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. काही शिपाई खरंच बरे झाले. काही नाही.

या ऑपरेशनपेक्षा लरीशनं पुढे वेदनेबद्दल जे मांडलं ते मला मोठं वाटतं. त्या वेळचे डॉक्टर सर्रास म्हणत, वेदना ही निसर्गाची धोक्याची घंटा, ती उपकारकच. लरीश म्हणाला की बहुतेक गंभीर आजार घंटा न वाजवता येतात, आणि ही घंटा वाजत राहते तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो किंवा मुळात धोकाच नसतो. जुनाट वेदना हे लक्षण नाही, तोच एक आजार आहे. १९३७ साली ‘वेदनेची शस्त्रक्रिया’ या अर्थाच्या नावाचं त्याचं पुस्तक आलं. अवघड माणूस म्हटलं ते यासाठी की दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये नाझींना शरण गेलेल्या विशी सरकारनं डॉक्टरांची जी संघटना उभी केली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. वेदनेबद्दल इतकं कोवळं लिहिणारा माणूस त्या खुर्चीवर बसला, हे मी झाकून ठेवू शकत नाही.

धमनी सोलण्यापेक्षा धागे जिथून निघतात ती छातीच्या वरच्या भागातली गाठच का काढू नये? १९३० साली अमेरिकेत केंटकीच्या ग्लेन स्पर्लिंग यांनी कॉझाल्जियासाठी ती काढली. १९३५ साली चीनमधून, पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या क्वान यांनी असेच अनुभव छापले. दुसऱ्या महायुद्धात तर ही पद्धत भराला आली. त्यात एक सोय होती. आधी मानेत भुलीचं इंजेक्शन देऊन त्या गाठीला तासाभरापुरतं गप्प करता येत असे. तेवढ्या तासात वेदना गेली, तर ऑपरेशन करायचं. कापण्याआधी विचारून घेण्याची ही सवय सर्जन लोकांना उशिराच लागली. (हशा) लष्करी सर्जनांचे अहवाल उत्साहाचे आहेत, निवडून घेतलेल्या शिपायांत बहुतेकांना आराम.

पण शांततेच्या काळात ही शस्त्रक्रिया कॉझाल्जियाबरोबर तशाच वाटणाऱ्या सगळ्या दुखण्यांना लागू झाली. मनगट मोडलं, प्लास्टर काढल्यावर हात सुजला, जळतोय, काढा गाठ. तिथे यश तेवढं आलं नाही, आणि काहींना काही महिन्यांनी नवंच दुखणं लागलं. अलीकडे जगभरचे पुरावे गोळा करून तपासले गेले, तेव्हा दिसलं की इतकी दशकं केलेल्या या ऑपरेशनच्या मागे काटेकोर तौलनिक चाचण्या जवळजवळ नाहीतच. मी स्वतः या ऑपरेशनांना मदतनीस म्हणून उभा राहिलेलो आहे. तेव्हा आम्हाला ते सिद्ध झालेलं वाटायचं. १९९४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं नावही बदललं, ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’. नाव लांबतं तेव्हा समजावं की कारणाबद्दलचा दावा मागे घेतलाय.

मधे एक धागा राहिला, तो भरभर सांगतो, कारण सभागृहातल्या निम्म्या लोकांचा त्याच्याशी संबंध असेल. डेन्मार्कच्या शिपायासारखी, मूळ हातातच असलेली दुखणी. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकावा लागतो, बघा किती जणी माना हलवताहेत. मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जातो. पॅरिसच्या पिएर मारी आणि फ्वा यांनी १९१३ साली एका वृद्ध माणसाच्या शवविच्छेदनात तो दाब पाहिला आणि लिहिलं की वरचा पट्टा कापला तर उपयोग होईल. अमेरिकेत लर्मंथ यांच्या ऑपरेशनचा अहवाल १९३३चा, आणि जॉर्ज फेलन यांनी १९५० नंतर ते घरोघरी पोचवलं. तिथे सुरी खरोखर काम करते.

कुष्ठरोगातही कोपराजवळचा तंतू सुजून दोरीसारखा होतो, फार दुखतो. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयासारख्या ठिकाणी आणि जे. जे.मध्ये डॉ. नोशीर अंतिया यांच्यासारख्यांच्या हाताखाली ज्यांनी काम केलं, त्यांना हे ठाऊक आहे. त्या तंतूचं आवरण उघडून दाब कमी करायचं ऑपरेशन आपल्याकडे पुष्कळ झालं. नंतरच्या चाचण्यांत स्टिरॉइडच्या गोळ्यांपेक्षा त्याचा जास्त फायदा नीट सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं.

आता त्या मुलाकडे येतो.

मानेतून पाच मुळं निघतात, गुंफली जातात आणि सगळा हात चालवतात. खांदा खाली आणि मान दुसरीकडे अशी जोरात ओढली गेली की ही मुळं कधी ताणतात, कधी तुटतात, आणि कधी मज्जारज्जूतून थेट उपटून निघतात. भुईमुगाचं झाड उपटल्यासारखी. मोटरसायकलच्या अपघातांत हे होतं, आणि आपल्या रस्त्यांवर किती मोटरसायकली आहेत ते मी सांगायला नको. उपटलेली मुळं परत लावता येत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या मुलाची निदान तीन मुळं उपटली होती.

मग वेदना कुठे होती? हाताचा तर मज्जारज्जूशी संबंधच तुटलेला. म्हणून तर सुई कळत नव्हती. पण मज्जारज्जूमध्ये, जिथे ती मुळं शिरत होती, तिथल्या पेशी जिवंत होत्या. त्यांना जन्मापासून हाताकडून बातम्या यायची सवय. अचानक सगळ्या बातम्या बंद. या पेशी गप्प बसत नाहीत, त्या आपण होऊन, वेळीअवेळी, झुंडीनं पेटतात. मेंदूला मात्र एवढंच कळतं की ‘हाताकडून निरोप आला’. मेंदूचा नकाशा जुनाच आहे ना. त्याच्या दृष्टीनं तळहात तव्यावरच असतो.

म्हणून त्या माऊलीला मी नाही म्हटलं. हात कापला असता तर आगीला धक्काही लागला नसता. वर दिसायलाही काही उरलं नसतं, आणि मग घरच्यांना खात्रीच पटली असती की पोरगा वेडा झालाय.

हे समजायला कारण झालं १९६५चं एक पान. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की मज्जारज्जूत वेदनेला एक दार आहे, ते उघडतं-मिटतं, आणि स्पर्शाच्या संदेशांनी ते मिटवता येतं. ठेच लागली की आपण चोळतो, ते यासाठीच. तपशील पुढे बदलले. पण ‘काय तोडू’ या प्रश्नाच्या जागी ‘कुठे आणि काय चुकीचं पेटतंय’ हा प्रश्न आला. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी दुखऱ्या तंतूला विजेचा सौम्य प्रवाह देऊन पाहिला. आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या तंतूंवर! त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर विद्युत-पट्टी बसवली. आज छातीत पेसमेकर बसवतात तशी वेदनेसाठीची यंत्रं बसवतात, ती इथून निघाली. महाग आहेत, हे खरं.

आणि दुसरी वाट. लियाँमध्येच, लरीशच्या गावात, मार्क सिंदू यांनी १९७२च्या सुमारास, आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्लेन नॅशोल्ड यांनी पुढच्या काही वर्षांत, नेमकी ती शिरण्याची जागा लक्ष्य केली. सूक्ष्मदर्शकाखाली मान उघडायची, मुळं उपटल्यानं पडलेली बारीक खाचांची रांग शोधायची, आणि त्या रांगेवर, एकेक मिलिमीटरवर, सुईच्या टोकानं त्या पेटणाऱ्या पेशी जाळायच्या. नॅशोल्ड यांनी विद्युतलहरींची उष्णता वापरली. शेजारीच पायाकडे जाणारे मार्ग आहेत. हात घसरला तर त्या बाजूचा पाय कमजोर होतो, आणि काहींचा झालाही आहे. पण उपटलेल्या मुळांच्या वेदनेत ही शस्त्रक्रिया निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम देते, आणि जळण्यापेक्षा करंटवर ती जास्त चालते.

लंडनमधून १९९८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. बरगड्यांमधले तंतू वळवून दंडाच्या स्नायूला जोडले, तर काही रुग्णांत हात हलायला लागण्याच्या काळातच वेदनाही कमी होते. तोडण्याऐवजी जोडून. मला हे सगळ्यात आवडतं, पण यासाठी अपघातानंतर काही महिन्यांच्या आत रुग्ण यावा लागतो. आपल्याकडे तो सहा महिने मालिश करून, देवाला जाऊन, तीन दवाखाने बदलून येतो. तोपर्यंत स्नायू सुकलेला असतो.

तो मुलगा पाचव्या महिन्यात आला होता. म्हणजे अगदी उशीर नव्हता. मी स्वतः हे ऑपरेशन करणारा नाही, ज्यांचा हात त्यात बसलाय त्यांच्याकडे पाठवला. आधी तंतू वळवले. गोळ्या चालू ठेवल्या, त्यांनी झोप थोडी सुधारली. करंट कमी झाले नाहीत, तेव्हा दीड वर्षानं मानेतलं ऑपरेशन झालं. त्यानंतर पायाला जरा जडपणा आला, दोन-तीन महिन्यांत गेला.

घरच्यांना समोर बसवून मी एक कागद घेतला होता. मान काढली, मज्जारज्जू काढला, पाच मुळं काढली आणि त्यातल्या तिघांवर फुली मारली. म्हटलं, दुखतंय ते इथे, हातात नाही. त्याचे वडील बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

आता तो गावी वडिलांचं खतांचं दुकान बघतो. कोपर वाकतं, पोतं धरायला टेकू देता येतो, बोटं चालत नाहीत. करंट दिवसाला चाळीस-पन्नास यायचे, ते आता आठवड्यातून कधी तरी. जळणं आहे, कमी आहे, आणि थंडीत वाढतं. मागच्या डिसेंबरात त्याचा फोन आला होता, मोजा कुठला घालू विचारायला. मी म्हटलं, अरे, त्या हाताला तर मोजा कळणारही नाही. तो म्हणाला, ‘सर, हाताला नाही कळत, मला कळतं.’

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, आणि कृपा करून स्वतःचे एमआरआय आज काढू नका. (हशा)